चिमणाबाईच्या स्टुलावर

तिसऱ्या दिवशी कावळा शिवेना.

कबनूरच्या स्मशानात सकाळी सातपासून पन्नासेक माणसं उभी होती. चिमणाबाईची राख सावडून झाली होती. कट्ट्यावर नैवेद्य मांडला होता. भात, आमटी, कपभर चहा, दोन बटर आणि मिसरीची डबी. म्हातारीला जे जे लागायचं ते सगळं. तिच्या लेकीनं, संयोगितानं, जयसिंगपूरहून येताना त्यासाठी नवंकोरं स्टीलचं ताट आणलं होतं. पलीकडच्या लिंबावर चार कावळे बसले होते. मान वाकडी करून बघत होते, पण खाली उतरत नव्हते.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय. माणसं शब्द देऊ लागली. चिमणाबाईचा मुलगा ज्ञानू हात जोडून म्हणाला, "आये, तुझं वरीस चांगलं घालतो." कावळे हलले नाहीत. मागून कुणी म्हणालं, "घरावर नवा पत्रा घालतो म्हण." ज्ञानूनं तेही म्हटलं. आठला यंत्रमागाची पाळी सुरू होणार होती. माणसं मोबाइलवर वेळ बघायला लागली.

जीव कशात अडकलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते नाव कुणी आधी घेत नव्हतं. ज्ञानूची मुलगी तेजस्वी नऊ वर्षांची होती. बोलत नव्हती, हाक मारली तर बघत नव्हती. सरकारी दवाखान्याच्या दाखल्यावर 'स्वमग्न' असं लिहिलं होतं. गल्लीत कुणी मुकी म्हणे, कुणी येडी. तिची आई काविळीनं गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. तेव्हापासून चिमणाबाईनंच तिला सांभाळलं. ज्ञानू मागावर बारा तास उभा असायचा. आता दिवसभर पोरीपाशी कोण बसणार, हा प्रश्न होता. सोलापूरकडच्या एका संस्थेत अशी मुलं ठेवून घेत होते. संयोगितानं फॉर्म आणला होता. एक जूनला पोरीला तिथं पोचवायचं, असं जवळजवळ ठरलं होतं.

शेवटी संयोगितानंच नाव घेतलं. "आये, तेजूला अंतर देणार न्हाय."

कावळे बसून राहिले.

"आमी सगळी गल्ली बघतो पोरीकडं," कुणीतरी म्हणालं. चारपाच जणांनी माना हलवल्या. त्यांतला एकही त्या घराची पायरी कधी चढला नव्हता.

समोरच्या घरातले हंबीरराव बाजूला उभे राहून ताटाकडं बघत होते. ऊन तिरपं येत होतं आणि नव्या स्टीलवरून उठून सरळ लिंबाच्या फांदीवर पडत होतं. कावळ्यांच्या डोळ्यांवरच. अडतीस वर्षं त्यांनी बंद पडलेल्या मागापुढं उभं राहून हेच केलं होतं. आधी बघायचं, मग हात लावायचा. ताट भिंतीच्या सावलीत सरकवलं की काम होणार होतं. पण नैवेद्याला उगाच कोण हात लावू देईल? काहीतरी बोलत पुढं जायला हवं होतं. ते पुढं झाले, वाकले, ताट दोन हात मागं ओढलं आणि तोंडाला आलं ते बोलले.

"चिमणाबाई, मी बसतो पोरीपाशी. आठ ते आठ. ह्या माणसांस्नी सोड आता."

ते मागं सरले आणि कावळा उतरला. बटर उचलून गेला. बायका रडायला लागल्या. ज्ञानूनं हंबीररावांचे पाय धरले.

ताटाचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हंबीररावांना गल्ली जॉबर म्हणायची. माग दुरुस्त करणारा तो जॉबर. ते काम करायचे त्या आण्णांच्या कारखान्यात चोवीस माग होते आणि त्या चोवीसांचे आवाज त्यांना वेगवेगळे ओळखू यायचे. सातव्या मागाच्या पट्ट्यात डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा त्यांनी आधी माग थांबवला, मग फडकं मागितलं. अर्धवट काम त्यांना खपत नसे. उघडलेला माग तसाच टाकून ते कधी जेवायला गेले नव्हते. बायको सात वर्षांपूर्वी गेली. मुलगा चाकणला, रविवारी फोन करायचा. खोकला छातीत बसला म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी कारखाना सोडला. तेव्हापासून ते ज्ञानूच्या समोरच्या घरात, दारातल्या कट्ट्यावर बसून असायचे. रिकामं बसणं ही त्यांना आजारापेक्षा मोठी शिक्षा वाटायची. पण म्हणून काही त्यांना नऊ वर्षांची पोर सांभाळायची नव्हती. स्वतःच्या मुलालाही त्यांनी कधी अंघोळ घातली नव्हती.

बोलले ते मात्र बोलले होते. दुसऱ्या दिवशी आठला पाच कमी असताना ते ज्ञानूच्या घरात गेले आणि दाराजवळ खुर्ची टाकून बसले. बसायचं म्हणजे राखण करायची, असं त्यांनी धरलं होतं.

तेजू खोलीच्या कोपऱ्यात चिमणाबाईच्या कांडी मशीनपुढं उभी होती. चिमणाबाई घरीच आण्णांच्या कारखान्यासाठी कांड्या भरायची. मोठ्या कोनावरचं सूत लहान कांडीवर गुंडाळायचं, ती कांडी मागाच्या धोट्यात बसते. लांब फळी, कांडी फिरवणाऱ्या सहा चात्या, खाली मोटर, पुढं लाकडी स्टूल. मशीन बंद होतं. तेजू त्याच्यापुढं हलली नाही. नऊ वाजता ती तोंडानं मोटरसारखा आवाज काढायला लागली. दहा वाजता किंचाळायला लागली आणि कपाळ फळीवर आपटायला लागली. हंबीररावांनी तिला धरलं, तर तिनं त्यांच्या तीन बोटांच्या हाताला कडकडून चावा घेतला.

तीन दिवस असंच झालं. दारात बायका गोळा व्हायच्या.

"मीठ-मोहऱ्या उतरा की तिच्यावरनं."

"आज्जी दिसालीया तिला, दुसरं काय."

"बांधून ठेवा जरा वेळ. आमच्या नणंदेचं असंच हुतं."

हंबीरराव हाताला फडकं बांधून खुर्चीत बसून राहिले. संध्याकाळी आठला ज्ञानू आला की उठायचे. आपण नेमकं काय करत नाही आहोत हे त्यांना कळत नव्हतं, आणि तेच त्यांना चाव्यापेक्षा जास्त झोंबत होतं.

शेजारची मीनाबाई पूर्वी कांडी खात्यात कामाला होती. इकडच्या बायकांसारखी ती 'करतो, जातो' असं पुरुषासारखं बोलायची. चौथ्या दिवशी ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जॉबर, मशीन लावा की."

"कशाला?"

"पोरीला आज्जी नको हाय. आज्जीचं मशीन पायजे. ती आठ वाजल्यापास्नं त्याचीच वाट बघतीया."

"ते बायकांचं काम हाय."

"मग आणा बायकू," मीनाबाई म्हणाली. "मी कुठं नको म्हणालो."

गल्ली हसली. हंबीरराव उठले आणि त्यांनी बटण दाबलं. मोटर सुरू झाली, सहा चात्या रिकाम्याच फिरायला लागल्या. तेजू गप्प झाली. पुढं झाली, चात्यांकडं बघितलं, आणि आधीपेक्षा जास्त मोठ्यानं ओरडली. चात्यांवर सूत नव्हतं. रिकामं मशीन फिरवायचं हे हंबीररावांच्या जिवालाही कधी पटलं नव्हतं. त्या एका बाबतीत दोघांचं जमलं. त्यांनी मशीन बंद केलं, चिमणाबाईच्या स्टुलावर बसले, कोन लावले, धागे ओढून चात्यांवर कांड्या बसवल्या आणि पुन्हा बटण दाबलं.

तेजू भिंतीला पाठ लावून खाली बसली. एक तळवा फळीवर टेकवला. मोटरीची थरथर हातात घेत ती तशी दुपारपर्यंत बसून राहिली.

पहिल्या दिवसाच्या कांड्या आण्णांनी सगळ्या परत केल्या. कारखान्याचे मालक आण्णा सत्तरीचे होते, हंबीररावांपेक्षा मोठे. ते स्वतः कांड्यांनी भरलेली बुट्टी घेऊन आले.

"हंबीरा, कांड्या तू भरल्यास व्हय?"

"व्हय."

"अडतीस वर्षं कांडीवाल्या बायकांस्नी तू शिव्या घातल्यास. सैल कांडी, सैल कांडी म्हणून. आता ही बघ." त्यांनी अंगठ्यानं सूत दाबलं. कांडी ढासळली.

हंबीरराव खाली बघून म्हणाले, "परत भरतो."

त्यांनी सगळं सूत उलगडून पुन्हा भरलं. धाग्याला बोटानं किती ताण द्यायचा हे शिकायला त्यांना अकरा दिवस लागले. तीन बोटांचा हात त्या कामाला कमी पडायचा. पूर्वी ज्या बायकांना ते दारात उभं करून बोलले होते, त्यांची नावं त्यांना एकेक करून आठवली. बाराव्या दिवशी आण्णांकडून बुट्टी परत आली नाही.

पोरीचं वेळापत्रक मीनाबाईनं सांगितलं. दहाला अर्धा कप चहा आणि एक बटर. बाराला दहीभात, पांढऱ्याच ताटलीत. बुट्टी भरली की "झालं" म्हणायचं. चिमणाबाई म्हणायची तसं, एकदाच. दोनदा म्हटलं की पोर बिथरायची. हंबीररावांनी सगळं पाठ केलं. मागाला जसं ठरलेल्या वेळी तेलपाणी करायचं, तसं त्यांनी ते पाळलं. आधी त्यांना वाटलं होतं, पोर हळूहळू दुरुस्त होईल. महिनाभरानं त्यांनी ते मनातून काढून टाकलं. दुरुस्त करण्यासारखं तिथं काही नव्हतं. तिला दिवस जसा हवा तसा घडवून द्यायचा, एवढंच काम होतं, आणि ते रोज पहिल्यापासून करावं लागत होतं.

एकदा दुसऱ्या चातीचा धागा तुटला आणि त्यांच्या ध्यानात आलं नाही. तेजू उठली. त्यांचं मनगट धरलं, तोंडाकडं न बघता त्यांचा हात उचलून दुसऱ्या चातीवर नेऊन ठेवला, आणि परत जाऊन बसली. एखादा पाना उचलून ठेवावा तसा. त्यानंतर धागा तुटला की ती तसंच करायची. त्या घरात हंबीररावांना मिळालेली ओळख ती एवढीच. त्यांच्या तोंडाकडं ती बघायची नाही.

गल्लीत टिंगल चालू होतीच. सम्राट नावाचा तिशीतला पोरगा रात्रपाळीला मागावर असायचा. सकाळी घरी जाताना तो खिडकीतून वाकायचा.

"काय जॉबरीणबाई, कांड्या झाल्या काय?"

"झोप जाऊन."

"हळदीकुंकवाला येतासा न्हवं?"

"तुझ्या मागाला कांडी सैल लागली का सांग."

"न्हाय."

"मग गप जा."

कारखान्यात एक रीत होती. कुणाला लघवीला जायचं असलं, चहा प्यायचा असला, की शेजारच्याला नुसतं "बघ रे" म्हणायचं. शेजारी आपले चार माग सांभाळून तुमचेही चार बघायचा. त्याला कुणी नाही म्हणत नसे. भांडण असलं तरी नाही. कामगार आलाच नाही तर त्याच्या जागी दुसरा उभा राहायचा, त्याला बदली म्हणायचे. माग थांबता कामा नये, एवढंच.

एका सकाळी हंबीररावांना खोकल्याची उबळ आली आणि थांबेना. पाणी प्यायला उठावं तर धागे तुटत होते, आणि तेजू मोटरीसारखा आवाज काढायला लागली होती. सम्राट खिडकीत होता.

"बघ रे," हंबीरराव म्हणाले.

सवयीनं सम्राट आत आला आणि स्टुलावर बसला. बसल्यावर त्याला कळलं आपण कुठं आलोय. पाच मिनिटांनी हंबीरराव परत आले तेव्हा तो ताठ बसला होता आणि त्याचं मनगट तेजूच्या हातात होतं.

"हिनं माझा हात नेऊन ठेवला," तो हळूच म्हणाला.

"धागा तुटला असंल."

"व्हय. तुटला हुता."

त्यानं बाहेर जाऊन ते सगळ्यांना सांगितलं. त्या दिवसापासून जॉबरीणबाई हा शब्द गेला. सकाळी पाळी सुटल्यावर येणारा, दुपारी जेवून जाणारा, कुणीतरी दारातून म्हणायचं, "जॉबर, जाऊन या जावा, मी बघतो." पाच मिनिटं, दहा मिनिटं. पोरीला काय हवं असतं हे त्यांना बसल्यावर कळायचं. बसायच्या आधी त्यांना तिची भीतीच वाटत होती, आणि नऊ वर्षं ती त्यांच्याच गल्लीत राहत होती. मीनाबाईच्या घरचा टीव्ही दहाच्या चहाला बंद व्हायला लागला, कारण तेव्हा तेजू बटर खायची आणि आवाज झाला तर ते टाकून द्यायची. हे कुणी ठरवलं नव्हतं.

खोकला मात्र वाढत गेला. कांड्या भरताना सुताचा बारीक भुसा उडतो, नाकातोंडात जातो. त्या भुशापायीच त्यांनी कारखाना सोडला होता. पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं होतं की हे आपल्याला झेपणार नाही. तोंडाला फडकं बांधून बघितलं, तर तेजू फडकं बघून ओरडायला लागली. त्यांनी ते सोडलं.

मेच्या मध्याला ज्ञानू एका सकाळी पाळीला जायच्या आधी थांबला.

"काका, तुमची छाती वाजतीया. आईला शब्द दिला म्हणून तुमी जीव घालवू नका. आई काय म्हणणार न्हाय."

"तुझ्या आईचा ह्यात संबंध न्हाय," हंबीरराव म्हणाले. "ताट उन्हात चमकत हुतं. सावलीत ओढलं, कावळा आला. बाकी काय न्हाय."

ज्ञानू दारातून परत आत आला. "मग कशाला बसतासा?"

"मी कावळ्याला बोललो न्हवतो. पन्नास माणसांफुडं बोललो. आणि तू ऐकलंस."

"संयोगिता एक तारखेला यायची म्हणतीया. मी तिला काय सांगू?"

"पोरीला बघून काय वाटतंय तुला?"

ज्ञानूनं कोपऱ्याकडं बघितलं. तेजू मशीनपुढं उभी होती, आठ वाजायची वाट बघत. "संस्थेत बघायला गेलतो आमी," तो म्हणाला. "जागा चांगली हाय. माणसं बी चांगली. पण ही तासभर भिंतीला कपाळ लावून उभी हुती. घरी आल्यावर दोन दिवस जेवली न्हाय."

"मग जूनपर्यंत मला काम करू दे," हंबीरराव म्हणाले आणि स्टुलावर बसले.

सत्तावीस मेला अकराच्या सुमारास चौथ्या चातीचा धागा तुटला. ते जोडायला वाकले आणि तसेच स्टुलावरून खाली आले. श्वास आत जात नव्हता. मोटर चालू होती. तेजू उठली, त्यांचं मनगट धरलं, हात उचलून चौथ्या चातीवर ठेवला. हात खाली पडला. तिनं पुन्हा उचलून ठेवला. पुन्हा पडला. फरशीवर पडल्या पडल्या हंबीररावांनी बोटं आवळायचा प्रयत्न केला, एकदा तरी तो हात फळीवर राहावा म्हणून. राहिला नाही. तिनं कितीदा उचलला हे त्यांना कळलं नाही. मग ती किंचाळायला लागली आणि मीनाबाई धावत आली.

दवाखान्यात ते पाच दिवस होते. डॉक्टर म्हणाले, "सुताच्या धुळीत आता पाय ठेवायचा न्हाय. ठेवलासा तर परत माझ्याकडं येऊ नका, उपयोग न्हाय." मुलगा चाकणहून आला, दोन दिवस थांबला, परत गेला. हंबीरराव छताकडं बघून दिवस मोजत होते. अठ्ठावीस. एकोणतीस. मशीन बंद असणार. पोर त्याच्यापुढं उभी असणार. संयोगिता येणार आणि पोरीला घेऊन जाणार, आणि त्यात संयोगिताचं काही चुकणार नाही. जूनपर्यंतचं काम त्यांच्याकडून पुरं झालं नव्हतं. पोरीचं काय झालं हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. विचारून ऐकायची ताकद नव्हती.

एक जूनला ज्ञानूनं त्यांना रिक्षातून घरी आणलं. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा वळली आणि त्यांना मोटरीचा आवाज ऐकू आला. सहाही चात्या चालू होत्या.

"कोण बसलंय?" त्यांनी विचारलं.

"आत्ता सम्राट असंल. सकाळी मीनाबाई हुत्या. मध्ये एक तास आण्णा बसतात."

"आण्णा?"

"मालक असून कांड्या भरतात. लई सैल भरतात." ज्ञानू पहिल्यांदाच थोडा हसला. "मी कुणाला सांगितलं न्हवतं, काका. तुमास्नी दवाखान्यात नेलं आणि मी परत आलो तर मीनाबाई स्टुलावर. म्हणाल्या, बदलीवर हाय मी."

ज्ञानूच्या दारात संयोगिता उभी होती. पायाशी तेजूच्या कपड्यांची बॅग होती. संध्याकाळची गाडी होती. तिनं हंबीररावांना आधार देऊन त्यांच्या घरापर्यंत आणलं. तिनं आणि ज्ञानूनं खाट कट्ट्यावर टाकली, त्यांना हवा लागावी म्हणून.

"काका, मी सकाळपास्नं बघतोय," ती म्हणाली. "माणसं येतात, बसतात, जातात. आज बसली. उद्याचं काय? पावसात, सणात, कुणाच्या लग्नात? एक दिवस कुणी आलं न्हाय तर?"

तिचं खरं होतं.

तेवढ्यात समोरून किंकाळी आली. दार उघडं होतं. भिंतीला पाठ लावून बसलेल्या तेजूला तिथून कट्टा दिसत होता आणि कट्ट्यावर हंबीरराव दिसत होते. ती उठून उभी राहिली होती. त्यांच्याकडं बघत होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा सरळ त्यांच्या तोंडाकडं. मग ती वळली आणि कपाळ भिंतीवर आपटायला लागली. सम्राटनं तिला धरलं नाही. धरायचं नाही हे हंबीररावांनी त्याला शिकवलं होतं. तो मशीन चालू ठेवून बसून राहिला.

"बघा," संयोगिता म्हणाली. "असं हुतंय बघा."

हंबीररावांना लगेच कळलं. माणूस चुकीच्या जागी होता. स्टुलावर असायचा तो कट्ट्यावर होता. सम्राट स्टुलावर बसलेला तिला चालत होता, आण्णाही चालत होते. हंबीरराव समोर दिसून स्टुलावर नसणं मात्र तिला चालत नव्हतं. परत स्टुलावर जाणं त्यांना शक्य नव्हतं. मग एकच गोष्ट उरत होती. ते खाटेवरून उठले, भिंत धरत आत गेले, आणि दार लावून घेतलं.

अंधारात ते दाराला टेकून उभे राहिले. आपटणं चालू होतं. एक, दोन. मग थोडं थांबून एक. मग थांबलं. मोटरीचा आवाज तेवढा राहिला. बऱ्याच वेळानं सम्राटचा आवाज आला, एकदाच, "झालं."

संयोगिता संध्याकाळच्या गाडीनं एकटीच गेली. बॅग ज्ञानूच्या घरात ठेवून गेली. जाताना दाराबाहेरून म्हणाली, "काका, दिवाळीला येतो. तोपर्यंत बघू." तिनं फॉर्म फाडला नव्हता. पर्समध्येच ठेवला होता.

बदली चालू राहिली. रोज नीट चालली असं नाही. पंचमीला दोन तास कुणीच आलं नाही आणि ज्ञानूला पाळी सोडून यावं लागलं. एक बाई आठवडाभर बसली आणि मग यायची बंद झाली. आण्णांनी आषाढात आठ माग भंगारात घातले. त्यांच्या जागी आलेल्या नव्या मागांना कांडी लागत नाही. रोजच्या बुट्ट्या तीनावरून दोनावर आल्या. पुढच्या वर्षी किती राहतील, कुणास ठाऊक.

हंबीररावांचं दार आठ ते आठ बंद असायचं. खिडकीलाही त्यांनी पोतं लावलं होतं. डॉक्टरांनी हवेत बसायला सांगितलं होतं, ते पहाटे आणि आठनंतर बसायचे. दिवसभर खाटेवर पडून ते ऐकायचे. कोण बसलंय हे त्यांना आवाजावरून कळायचं. मीनाबाईचा हात चांगला होता. सम्राट घाई करायचा. आण्णांच्या पाळीला तिसरी चाती हमखास सैल जायची आणि सांगायला जाता येत नव्हतं.

सकाळी साडेसातला मीनाबाई चहा घेऊन यायची.

"तिसऱ्या चातीचा बूश झिजलाय," एका सकाळी ते म्हणाले. "आण्णांची चूक न्हाय ती. रात्री ज्ञानूकडनं बदलून घ्या. बूश माझ्या पेटीत हाय."

"सांगतो."

"चहा दहालाच देतासा न्हवं?"

"दहालाच."

त्यांनी एक घोट घेतला. मग म्हणाले, "मला हुडकती काय ती?"

मीनाबाईला खोटं बोलता आलं असतं. "न्हाय," ती म्हणाली. "एकदाबी न्हाय."

हंबीररावांनी मान हलवली. काम बरोबर चाललंय असा त्याचा अर्थ होता, आणि दुसराही काही असेल तो त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. उरलेला चहा पिऊन त्यांनी कप तिच्याकडं दिला.

"मीनाबाई, आजपास्नं जाताना बाहेरनं कडी घाला."

"बाहेरनं? कशाला? काय झालं-गेलं तर तुमी उघडणार कसं?"

"काल धागा तुटला तेव्हा मी दारापर्यंत गेलतो," ते म्हणाले. "आतल्या कडीला हात लावला हुता."

मीनाबाई पदरानं कप पुसत उभी राहिली. समोर ज्ञानूच्या घरात हालचाल सुरू झाली होती. आठला दहा मिनिटं कमी होती. ती बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि थोडी थांबली. मग तिनं कडी घातली आणि बदलीवर जाऊन बसली.